दहापैकी किती दमले

सोमवार, ३ मार्च

आळशी नाही मी! आळशी नाही! आळशी नाही!

तीनदा लिहिलं. शाळेत चुकलं की बाई तीनदा लिहून आणायला सांगायच्या. हे बरोबर आलंय म्हणून तीनदा.

मोठ्या दवाखान्यातल्या नसांच्या डॉक्टरीणबाईंनी आज नाव सांगितलं. मल्टिपल स्क्लेरोसिस. मी म्हटलं परत सांगा. परत सांगितलं. मग कागदावर लिहून दिलं. एवढं लांबलचक, घरात कुठे लपवायचं हे नाव! म्हणाल्या, मेंदूतून अंगभर ज्या नसा जातात त्यांच्यावर वायरीला असतं तसं आवरण असतं. माझंच अंग ते कुरतडतंय. म्हणून पाय जड, म्हणून बोटांना मुंग्या, म्हणून मागच्या वर्षी डावा डोळा महिनाभर धुरकटला होता. आणि म्हणून हा थकवा. मी विचारलं, म्हणजे मी आळशी नाही? त्या म्हणाल्या, एवढ्या थकव्यात तू दिवसभर उभी राहून काम करतेस, मलाच नवल वाटतंय.

नवल! माझं! बाहेर आले तर हसू आवरेना. लंबूताई बाकावर बसली होती. लॉन्ड्रीत आम्ही दोघी जोडीने चादरी घडी करतो. आज तिनेही सुट्टी टाकली आणि सोबत आली. मला हसताना बघून तिला वाटलं काही निघालंच नाही. मी म्हटलं, निघालं, कायमचं निघालं. आणि परत हसले. तिने मला खाली बसवून पाणी पाजलं.

भीती वाटली की मला हसू येतं. लहानपणापासूनचं आहे. वडील गेले त्या दिवशी हसले म्हणून आत्याने थोबाडीत दिली होती.

नर्सबाईंनी काम दिलंय. रोज लिहायचं, दहापैकी किती दमले. शून्य म्हणजे ताजी, दहा म्हणजे उठवत नाही. नुसता आकडा लिही म्हणाल्या. म्हणून पोरीची चित्रांची वही घेतली. पुढून तिच्या रेघोट्या, मागून मी. एक आकडा लिहायला बसले आणि हे एवढं झालं. आकडा त्यांना सांगेन, बाकीचं माझं.

आज ७. आनंद वजा केला तर ८.

मंगळवार, ४ मार्च

घरी सांगितलं नाही. रक्त कमी आहे म्हटलं. ह्यांनी विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं एवढंच. सासूबाई भांडी पुसता पुसता म्हणाल्या की सुट्टीच्या दुपारी दोन-दोन तास लोळून रक्त कमी होतं हे आजच कळलं.

का नाही सांगितलं ते इथे लिहिते. इथे कोण वाचतंय!

ह्यांच्या एका चुलतीच्या अंगावरून वारं गेलं होतं. सासूबाई सांगतात, सहा महिने वाट बघितली, मग तिला माहेरी पोचवली. पोर ठेवून घेतलं. सांगताना अशा सांगतात, जशी पाय मोडलेली खुर्ची दुकानात परत केली! वर म्हणतात, मग काय करणार, घर चालायला नको?

माझी पोरगी साडेतीन वर्षांची. एका जागी ठरत नाही म्हणून सगळे भिंगरी म्हणतात. तिला ठेवून घेतील. आणि मी माहेरी, भावजयीच्या घरात, भिंतीकडे तोंड करून. नको! हे नाव घरात कुणाला कळता कामा नये. गोळ्या तिच्या जुन्या मोज्यात घालून ठेवल्यात.

८.

गुरुवार, ६ मार्च

आज लॉन्ड्रीत एकवीस ट्रॉल्या निघाल्या. हॉटेलांच्या चादरी सगळ्या.

रोलर असा मोठा की त्यात बैल इस्त्री होईल. एका बाजूने ओली चादर जाते, दुसऱ्या बाजूने पापडासारखी बाहेर येते. आम्ही दोघींनी दोन टोकं धरायची. एक झटका, मध्ये दुमड, चालत एकमेकींकडे यायचं, तिच्या हातात कोपरे द्यायचे, खालची घडी उचलायची, परत मागे. लंबूताई साडेपाच फुटांच्या वर, मी तिच्या खांद्याला. चादर कायम तिरकी. ती म्हणते तुझ्याबरोबर काम करून माझी मान एका बाजूला राहिली, नवऱ्याला वाटतं मी त्याच्याकडे प्रेमाने बघते.

अकरा वाजले की वाफ भरते. मग माझ्या पायातली हवा जाते. डॉक्टरीणबाई म्हणाल्याच होत्या, गरमीने वाढेल, थंड झालीस की उतरेल. हा थकवा कसा ते सांगता येत नाही. झोपून जात नाही. नळ उघडा ठेवलाय आणि टाकी भरतच नाही, तसं. बोटांतून कोपरा सुटतो, मला कळतही नाही. लंबूताई पायाने उचलते आणि मोठ्याने खोकते, म्हणजे शिट्टीबाईंचं लक्ष जायला नको.

शिट्टीबाई म्हणजे आमच्या सुपरवायझर. मशिनींच्या आवाजात हाक ऐकू येत नाही म्हणून गळ्यात शिट्टी. एक शिट्टी म्हणजे इकडे बघ. दोन म्हणजे इकडे ये. तीन अजून कुणी ऐकल्या नाहीत. म्हणतात की तीन वाजल्या की ती बाई दुसऱ्या दिवशी दिसत नाही.

८. अकरानंतर ९.

शुक्रवार, ७ मार्च

९. हात उचलवत नाही. बास.

रविवार, ९ मार्च

सकाळी फरशीवर आडवी झाले ती उठवेना. फरशी गार, बरं वाटत होतं. भिंगरी आली. "आई, तू काय करतेस?" आता काय सांगू? म्हटलं, मी मगर आहे. मेलेली मगर.

झालं! तासभर मेलेल्या मगरीवरून उड्या. मगरीला कंगव्याने इंजेक्शन. मगरीच्या पोटावर बाहुली झोपली. मगरीने मधूनच एक डोळा उघडायचा, की ही किंचाळून दाराबाहेर. मी एक बोट हलवलं नाही आणि पोरगी एवढी खूश कधी झाली नव्हती! आई असावी तर अशी, मेलेली! हसून हसून पोट दुखलं.

मान वळवली तर हे दारात उभे. कधीपासून कोण जाणे. हातात तिची चित्रांची वही आणि पेन्सिल. मगर विसरून मी वहीकडे हात केला. पण भिंगरीने बाबांना मांजर काढायला बसवलं होतं, एवढंच. मांजर झालं आणि वही तिथेच टाकून गेले. मी लगेच उचलली. आता ती बोचक्यात, हिवाळ्याच्या कपड्यांखाली. तिच्यासाठी दुसरी आणली.

५. मगरीला ५ म्हणजे फार चांगलं.

मंगळवार, ११ मार्च

लंबूताईचं डोकं! शाळेत गेली असती तर वकील झाली असती.

मागच्या कपाटांच्या आड रिकाम्या ट्रॉल्या असतात, कापडी पोटाच्या, खोल. तिने एकीत खाली टॉवेल अंथरले. चहाच्या सुट्टीत म्हणाली, उतर आत. मी म्हटलं वेडी का तू? म्हणाली, मांजर टोपलीत झोपतं तेव्हा कुणी विचारतं का त्याला? उतरले! वरून तिने चादर टाकली. दहा मिनिटं. अंधार, गार, साबणाचा वास. मशिनींची घरघर पोटातून ऐकू येते. दहा मिनिटांनी तिने ट्रॉलीला लाथ मारली. ते आमचं घड्याळ.

उठले तर पाय माझे होते! पुढचे दोन तास एक कोपरा सुटला नाही.

७ वरून ५. ट्रॉलीत.

गुरुवार, १३ मार्च

ह्यांचं काहीतरी बिनसलंय. किंवा जुळलंय.

मंगळवारी संध्याकाळी कामावरून येताना पाठीवर फरशा घेऊन आले. हे टाइल्स बसवतात, पण सोनाराने कान टोचावेत आणि घरचे बुच्चे ठेवावेत तशी आमची मोरी. सहा वर्षं सांगत होते, पाय घसरतो. सहा वर्षं उद्या-उद्या. आणि आता एका संध्याकाळीत खडबडीत फरशा बसवून, वर धरायला लोखंडी कडी! म्हणाले कुठल्यातरी कामातून उरल्या होत्या.

काल पाणी भरलं. आज भिंगरीला खांद्यावर घेऊन तिन्ही जिने उतरले आणि पाळणाघरात सोडलं. रोज मी सोडते. मी म्हटलं कशाला? म्हणाले, वाटेवर आहे. वाटेवर नाही! उलट्या बाजूला आहे!

सासूबाई बघत राहिल्या. म्हणाल्या, लग्नानंतर एवढं तर त्याने मला पाणी पाजलं नाही.

लंबूताईला सांगितलं. ती म्हणाली, नवरा न सांगता पाणी भरायला लागला म्हणजे दोनच गोष्टी, एक तर काम सुटलंय, नाहीतर बाई आहे. मी म्हटलं काम तर चालू आहे. म्हणाली, मग बघ.

आम्ही दोघी एवढ्या हसलो की एक शिट्टी पडली. हसले खरी, पण दिवसभर डोक्यात तेच.

६.

शनिवार, १५ मार्च

३!!! तीन! तीन!

सकाळी उठले आणि अंग हलकं. विसरलेच की असं असतं. चालत गेले, चालत आले, सगळ्या चादरी धुतल्या घरच्या, कपाट आवरलं, भिंगरीला पाठीवर घेऊन खोलीभर घोडा घोडा, मग रेडिओ लावून तिच्याबरोबर नाचले. हे म्हणाले जरा बस. मी कुठली बसते! सुटलेलं वासरू!

रविवार, १६ मार्च

कालचं व्याज. ९. नर्सबाई म्हणाल्या होत्या, चांगल्या दिवशी अर्धंच कर. आता आठवलं.

मंगळवार, १८ मार्च

ऊन वाढलंय. आत रोलर, बाहेर पत्रा, मध्ये मी भाजलेली.

आज एका हॉटेलची चादर माझ्या हातून तीनदा खाली पडली. लंबूताई खोकून खोकून खरीच खोकायला लागली. दोन शिट्ट्या. गेले. शिट्टीबाईंनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाल्या, "तू पितेस का?"

मला! हसू फुटलं, तोंडावर रुमाल धरला, तरी फुटलं. त्या म्हणाल्या की असंच चाललं तर तिसरी वाजवायला मला वेळ लागणार नाही.

परत येताना पाय लटपटत होते, म्हणजे त्यांची खात्रीच पटली असणार.

९.

बुधवार, १९ मार्च

घरात टेबलावरचा पंखा आलाय. मी बसते तिथेच तोंड करून ठेवलाय. कुणी विचारलं तर हे म्हणतात, एक गिऱ्हाईक टाकून देत होतं.

संध्याकाळी ह्यांच्या शर्टाचा वास घेऊन बघितला. सिमेंट. नुसतं सिमेंट. कुठल्या बाईला सिमेंटचा वास आवडतो? मला. अजून कुणाला आवडत असेल तर तिचं काय चुकलं!

लिहिताना हसतेय आणि डोळ्यांतून पाणी. हे जर दुसरीकडे गुंतले असतील आणि त्यात माझं हे बाहेर आलं, तर माहेरची वाट सरळच. उतार लागल्यासारखी.

७.

शुक्रवार, २१ मार्च

आज जे झालं ते लिहायला हातात जीव नाही. उद्या लिहिते. जिवंत आहे. भिंगरी शेजारी आहे. १०.

शनिवार, २२ मार्च

घरीच आहे. कामावर जायचं नाही, का ते सांगते.

काल अकराच्या सुट्टीत रोजच्यासारखी ट्रॉलीत उतरले. लंबूताईने चादर टाकली. गरमी अशी की तिने तोंड पुसलं आणि रुमाल ट्रॉलीच्या दांड्याला वाळत टाकला. रुमाल लाल. तेवढ्यात दोन शिट्ट्या, तिला पलीकडे बोलावलं. टॉवेलची मशीन तुंबली होती, तिकडेच अडकली.

आमच्याकडे भरून तयार झालेल्या ट्रॉलीच्या दांड्याला लाल चिंधी बांधतात. लाल दिसली की गाडीवाला विचारत नाही, चढवतो. बारा वर्षं लंबूताई स्वतःच्या हाताने त्या चिंध्या बांधतेय! पण रुमाल म्हणजे रुमाल, तिच्या डोक्यातच आलं नाही.

मी गाढ. मला स्वप्न पडलं की भिंगरी पाळण्यात मलाच झोके देतेय. तो झोका म्हणजे गाडी होती!

जाग आली ती उजेडाने. कुणीतरी चादर ओढली. वर पांढऱ्याशुभ्र कपड्यांतली एक बाई, हॉटेलच्या खोल्या बघणारी, तोंड उघडं. मी खालून बघतेय. आणि मला काय सुचावं? म्हटलं, "बाई, ही एक जास्त आलीय, मोजणीत धरू नका."

ती किंचाळली. मी हसले. मग दोघी. मग माझं थांबेना आणि हसता हसता मी रडायला लागले, आणि उठून बाहेर यायला गेले तर पाय नाहीतच. दोघी-तिघींनी मिळून उचललं मला, ओल्या चादरीसारखं. गाडीवाला कपाळाला हात लावून उभा. त्याला अजून चार ठिकाणी जायचं होतं. लॉन्ड्रीत फोन झाला, लॉन्ड्रीतून ह्यांना.

हे आले. हाताला सिमेंट, केसांत पांढरी धूळ. हॉटेलच्या मागच्या दाराशी एक बुटका कट्टा आहे, सावलीत. तिथे मला बसवलेलं. शेजारी बसले.

मी ठरवलं होतं खोटं सांगायचं. चक्कर आली, ट्रॉलीत पडले, असं. तोंड उघडलं आणि खरंच बाहेर आलं. सगळं नाव, न अडखळता, पहिल्यांदाच. मल्टिपल स्क्लेरोसिस. बरं होणार नाही, औषधाने हळू होईल. म्हटलं, चालता येणार नाही असाही दिवस येईल, येणारही नाही, कुणी सांगू शकत नाही.

हे म्हणाले, "हं."

मी वाट बघितली. एक मांजर आलं, गेलं.

मग म्हणाले, "पाणी पी. ऊन उतरल्यावर निघू. गरमीत नेत नाही तुला."

बास. घरी आलो.

आता लिहिताना लक्षात आलं, गरमीचं मी काही बोललेच नव्हते. पण दिवसभर उन्हात राबणारा माणूस, त्याला ऊन कळणारच.

शिट्टीबाईंचा निरोप आलाय. डॉक्टरची चिठ्ठी आण, तोवर येऊ नकोस. तीन शिट्ट्या वाजल्या की नाही ते लंबूताई सांगत नाही. नुसती रडते. म्हणते तो रुमाल मी चुलीत घातला. मी म्हटलं अगं, त्या रुमालाने मला हॉटेल दाखवलं, आपल्या चादरी कुठल्या गादीवर जातात ते तू तरी बघितलंयस का?

९.

रविवार, २३ मार्च

"हं" म्हणजे काय?

काल दिवसभर "हं". आज सकाळी हे आणि सासूबाई स्वयंपाकघरात बोलत होते. मी गेले तर गप्प. सासूबाई माझ्याकडे बघत नाहीत. टोमणा सुद्धा नाही! टोमणा नाही म्हणजे फार वाईट. टोमणे आपल्या माणसाला मारतात.

आणि दुपारी माळ्यावरून माझी बॅग खाली काढलेली. लग्नातली, निळी. धूळ पुसून दाराशी ठेवलेली.

भिंगरी त्यात बसून गाडी गाडी खेळली. मी तिला आतच ठेवून चेन अर्धी लावली. म्हटलं जायचं तर ही आत बसून माझ्याबरोबर येईल, मला काय, ट्रॉलीतून जायची सवय आहेच. ती खिदळली. मी पण. मग चेन परत उघडली.

१० की ४, कळत नाही. भीतीचा आकडा वेगळा लागतो.

मंगळवार, २५ मार्च

चिठ्ठी घेऊन गेले. सोबत हे. मी नको म्हटलं तरी. फाटकाशी थांबले.

शिट्टीबाईंनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, ओठ हलवत. दोनदा. मग चष्मा काढून म्हणाल्या की मागल्या मंगळवारी मी तुला भलतंच विचारलं. मी म्हटलं, बाई, प्यायले असते तर निदान मजा तरी आली असती. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अभ्र्यांच्या टेबलावर बस. दाराजवळ. स्टूल देते. पंधरा दिवस बघते, आणि ट्रॉलीत दिसलीस तर मीच बांधीन तुला लाल चिंधी."

बसून काम! दाराजवळ! वारा! मी त्यांच्या पायाच पडणार होते, पण वाकले असते तर उठले नसते.

लंबूताईला आता दुसरी जोडीदारीण. तिच्याएवढीच उंच. चादर सरळ होते. लंबूताई म्हणते मजा नाही.

संध्याकाळी धीर करून सासूबाईंना विचारलं, बॅग कशाला काढली. म्हणाल्या, त्याला विचार. ह्यांना विचारलं. म्हणाले, "असू दे. हाताशी बरी."

कुणाच्या हाताशी? कशासाठी बरी? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर दिवसाढवळ्या ऊन पडलंय.

६.

गुरुवार, २७ मार्च

अभ्रे छान असतात. छोटे, चौकोनी, माझ्या मापाचे. तीनशेच्या वर घड्या घातल्या. दारातून वारा. शिट्टीबाई दोनदा जवळून गेल्या, शिट्टी न वाजवता.

फक्त उजव्या हाताला कालपासून जास्त मुंग्या. कोपरापर्यंत हातमोजा घातल्यासारखं. अक्षर बघ कसं आलंय, भिंगरीचं बरं.

आज ठरवलंय. शनिवारी ह्यांना सरळ विचारणार. मला पोचवणार असाल तर सांगा. पोरीचं काय ठरवलंय ते सांगा. "हं" चालणार नाही.

७

शनिवार, २९ मार्च

हे मी लिहितोय. तिचा नवरा.

सकाळपासून तिचा उजवा हात उठत नाही. दवाखान्यात फोन केला, लगेच या म्हणाले, दोन-चार दिवस ठेवून सलाईनमधून औषध देतील. गाडी सांगितलीय. निळी बॅग यासाठीच काढली होती, भरलेली आहे. आई भिंगरीला घेऊन बसलीय. ही म्हणते आधी वहीत लिहा, नाहीतर नर्सबाई रागावतील. ती सांगते आणि मी लिहायचं, मागची पानं वाचायची नाहीत, असं ठरलंय.

ती सांगतेय. मी दुसरंच लिहितोय.

पोरीने मांजर काढायला वही दिली त्या दिवशी मी मागचं पान उघडलं. मग रोज वाचली. बोचक्यातूनही. चुकलं. तू बोलत नव्हतीस, मला दुसरा रस्ता माहीत नव्हता. दुसरी बाई वगैरे वाचून तर काय करावं कळेना, सांगितलं असतं तर वही वाचतो हे कळलं असतं.

त्या चुलतीला पोचवली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. तिचं पोर माझ्या शेजारी झोपायचं. ते कसं रडायचं ते मी ऐकलंय. आईला रविवारी त्याचीच आठवण करून दिली. तुला कुठेही पोचवायचं नाही.

हे तोंडाने जमत नाही मला. हं म्हणतो.

ती विचारतेय, एका आकड्याला एवढं काय लिहिताय. म्हटलं, तू सांगितलंस तेच.